केसिंगला भोकं पाडण्याआधी सेप्टिक टँक बघा

छत्रपती संभाजीनगरात सातारा-देवळाई किंवा बीड बायपासच्या आतल्या कॉलन्यांत मे महिन्यात टँकरवर पैसे गेले की जून लागताच बोअर रिचार्जची घाई सुरू होते. ठरलेलं काम म्हणजे केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपभोवती) खड्डा घ्यायचा, केसिंगला भोकं पाडायची, खडी भरायची आणि गच्चीचा पाइप त्यात सोडायचा. मोठ्या प्लॉटवर हे चालतं, ३० बाय ४०च्या प्लॉटवर बहुतेक वेळा चालत नाही.

कारण केसिंग असतं ते वरच्या मुरमातलं पाणी बोअरमध्ये येऊ नये म्हणून. ड्रेनेज लाइन नसलेल्या भागात त्याच मुरमात सेप्टिक टँकचं पाणी झिरपतं. बोअर आणि टँकमध्ये निदान १५ मीटर अंतर हवं, आणि ३० बाय ४०चा प्लॉट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर भरतो. टँकला पक्का तळ नसेल (अनेक ठिकाणी मुद्दामच केलेला नसतो, उपसा कमी लागतो म्हणून!) तर भोकं पाडून आपण घाणीलाच वाट करून देतो.

अशा घरांनी पाणी हौदात साठवावं. १००० चौरस फुटांची स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. ७०० मिमी पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ५२ हजार लिटर येतं. सगळं हौदात मावणार नाही. पण १० हजार लिटरचा हौद पावसाळ्यात अनेकदा भरतो आणि कपडे, फरशी, फ्लश त्यावर निघतं.

पहिल्या पावसाचं २०० लिटर पाणी बाहेर काढायचं, त्यात धूळ आणि पारव्यांची घाण असते. त्यासाठी उभ्या पाइपला खाली टी (तीन तोंडांचा जोड) आणि वॉल्व्ह बसवा. मग गाळणीसाठी २०० लिटरचा ड्रम : तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी, सर्वांत वर जाड वाळू, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. जाळी नसेल तर वाळू खडीत उतरते आणि गाळणं संपतं. ड्रमला ओव्हरफ्लो हवाच, कारण तासात इंचभर पाऊस झाला तर या स्लॅबवरून २३०० लिटर येतं, तेवढं वाळू पेलत नाही.

राज्याच्या २०२०च्या एकीकृत बांधकाम नियमावलीतली पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्याची सक्ती ५०० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटना आहे, त्यामुळे छोट्या प्लॉटवर हे कोणी तपासायला येत नाही. वाळू दरवर्षी मृगाआधी काढून धुवा. वर काळ्या मातीची साय धरली असेल तर वरचा दोन इंच थर फेकून नवा टाका.