वायल, तळहात आणि दहा सेकंद

आषाढातला पाऊस, सिंधुदुर्गातलं एक ग्रामीण रुग्णालय, आणि तीन दिवसांच्या जीवनकौशल्य प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. सकाळच्या पहिल्या तासाला 'ताणतणावाला सामोरं जाणं' हा विषय होता. हॉलमध्ये चोवीस जण: परिचारिका, आशा सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, लॅबवाले. रात्रपाळी संपवून तशीच आलेली एक सिस्टर मागच्या खुर्चीवर बसली होती. दोन तळहातांत पेन धरून ती ते सारखं फिरवत होती, हळूहळू, न थांबता.

रात्री घोणस चावलेला तरुण आला होता. आधी मांत्रिकाकडे नेल्यामुळे चार तास वाया गेलेले. पहाटे तो गेला.

ती हालचाल ओळखीची होती. सर्पदंशावरच्या लसीची पावडर वायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत, सुकलेली असते. तिच्यात पाणी सोडलं की वायल तळहातांत धरून फिरवत राहायची. जोरात हलवली तर फेस येतो आणि औषध नीट ओढता येत नाही. पहिला डोस दहा वायलचा. प्रत्येक वायल पूर्ण विरघळायला काही मिनिटं जातात आणि रात्री हात दोनच. शिवाय कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठतंय का ते बघायचं, सलाइनवर नजर ठेवायची आणि दाराशी उभ्या नातेवाइकांना उत्तरंही द्यायची.

कुणीतरी सुचवलं, "तिलाच बोलू द्या ना, मन मोकळं होईल." प्रशिक्षण मी घेत होतो; मी नको म्हटलं. मोठ्या घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून एकदाच सविस्तर बोलतं करायचं, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही; काहींची त्यातून जखम आणखी खोल जाते. मानसिक प्रथमोपचाराचे तीन शब्द पुरतात: पाहा, ऐका, जोडा. "ताई, खाल्लंत काही? घरी कोण न्यायला येईल?" एवढंच विचारलं. पेज आणि लोणचं आलं, भाऊ मोटारसायकल घेऊन आला. हजेरीपटावर तिची पूर्ण दिवसाची हजेरी लावायला लावली. ती नाही लावली तर माणूस झोप सोडून परत येतो.

मग श्वसनाचा तास पुढे ढकलून वाईट बातमी सांगण्याचा सराव घेतला. तिघांचे गट: एक सांगणारा, एक नातेवाईक, एक निरीक्षक. वेळ चार मिनिटं. निरीक्षकाने फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, मत नाही. रात्री ड्युटीवर असलेल्या कुणालाही नातेवाइकाची भूमिका द्यायची नाही. या नियमात मी कधीच सवलत देत नाही.

पहिल्याच फेरीत आईची भूमिका करणाऱ्या आशाताईंनी विचारलं, "सिस्टर, माझो झील खंय आसा?" (माझा मुलगा कुठे आहे?) समोरून उत्तर आलं, "पेशंट सिरियस होता, आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले." आशाताई म्हणाल्या, "मगे आता बरो आसा?" हॉल गप्प झाला. घोटाळा नेमका इथेच होतो. 'सिरियस', 'प्रयत्न', 'वर पाठवलं' या शब्दांत मृत्यू कुठेच नसतो, म्हणून आई आशा धरते, आणि अर्ध्या तासाने खरं कळलं की तीच आशा संताप बनून सिस्टरच्या अंगावर येते.

दुसऱ्या फेरीला शब्द बदलले. बाजूला बसवायचं, आधी एका वाक्यात कल्पना द्यायची, मग सरळ सांगायचं, तिच्याच बोलीत: "मावशी, खबर बरी नाय. तुमचो झील गेलो." त्यानंतर दहा सेकंद गप्प. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं तेव्हा बहुतेकांचं तोंड तिसऱ्या सेकंदाला उघडत होतं. ती शांतता सहन होत नाही म्हणून माणूस कारणं द्यायला लागतो, आणि आईला ती कैफियत वाटते. शेवटी प्रत्येकाने खुर्ची बदलून आपलं खरं नाव मोठ्याने उच्चारायचं. ही पायरी गाळली तर भूमिका घरी सोबत येते.

श्वसन दुपारी घेतलं: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. घाईने खोल श्वास घेतले की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, दोघींना आल्याच. नाकाने, हळू, पोट हलेल एवढंच घ्यायला सांगितलं. झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, वॉर्डात जायला नको वाटणं महिनाभर टिकलं तर डॉक्टरांकडे, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर. हा नंबर कर्मचाऱ्यांसाठीही आहे, हे निम्म्यांना तिथे पहिल्यांदाच कळलं.

पण श्वासाने वायल विरघळत नाहीत. म्हणून 'समस्या सोडवणे' या तासाला एकच प्रश्न ठेवला: रात्री दुसरे हात कुठून आणायचे? औषधनिर्माण अधिकारी आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी उठून फळ्यावर आपला नंबर लिहिला. त्याखाली लॅबवाल्यांनी लिहिला. वैद्यकीय अधीक्षकांनी दोन्ही नंबर कागदावर उतरवून घेतले आणि संध्याकाळी तो कागद लसीच्या फ्रिजच्या दारावर, सेलोटेपच्या चार पट्ट्यांनी, डोळ्यांच्या उंचीला चिकटवला.