तुम्ही विचारलंत म्हणून : नुसत्या मातीने जहाज कसे बुडते?

मी मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर होतो हे कळले की कोल्हापुरात हमखास एक प्रश्न येतो : वादळाने जहाज बुडते हे समजते, पण होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, भरलेल्या मातीने ते कसे उलटते? राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवरचे बॉक्साइट पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, कारण ती माती दिसायला घट्ट असते.

बारीक खनिजाचा ढीग उभा राहतो तो कण एकमेकांवर टेकलेले असतात म्हणून. जहाजाच्या हेलकाव्यांनी आणि इंजिनाच्या कंपनांनी माल दबत जातो, कणांमधली जागा आक्रसते, आणि तिथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर त्याचा दाब वाढून कण एकमेकांपासून सुटतात. पंचगंगेकाठच्या ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहिले की वाळू पाणी सोडून मऊ पडते, तसेच इथे हजारो टनांचे होते. माल एका बाजूला वाहतो, पुढच्या हेलकाव्यात पूर्ण परतत नाही, आणि कल वाढत जाऊन जहाज काही मिनिटांत उलटू शकते.

बॉक्साइटची तऱ्हा थोडी निराळी आहे. जानेवारी २०१५ मध्ये मलेशियातील कुआंतानहून बॉक्साइट घेऊन निघालेले ‘बल्क ज्युपिटर’ व्हिएतनामजवळ बुडाले आणि १९ पैकी १८ जण गेले. त्यानंतरच्या अभ्यासात दिसले की बॉक्साइटमधले पाणी आणि बारीक कण वर येऊन चिखलाचा थर होतो आणि तो जहाजाबरोबर डुचमळत त्याचा तोल घालवतो.

आयएमएसबीसी संहिता, म्हणजे सुटा घन माल जहाजाने नेण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली, १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक आहे. माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो त्याच्या ९० टक्के ही साधारण मर्यादा. ओलाव्याची तपासणी भरणीपूर्वीच्या सात दिवसांतली हवी, आणि मध्ये चांगला पाऊस झाला तर ती पुन्हा करायला हवी. माझ्या मते सारे याच शेवटच्या अटीवर अवलंबून आहे, कारण आपल्याकडे माल उघड्या आवारात पडून असतो. लोहखनिजाची भुकटी नेणारी ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजे २००९ च्या पावसाळ्यातच अनुक्रमे मंगळूर आणि पारादीपजवळ बुडाली.

जहाजावर आम्ही डब्याची चाचणी करतो : डबा अर्धा भरून सुमारे २० सेंटीमीटरवरून २५ वेळा आपटायचा आणि वर पाणी सुटते का पाहायचे. पाणी सुटले तर माल संशयास्पद ठरतो. सुटले नाही म्हणून तो सुरक्षित ठरत नाही, आणि हा दुसरा भाग भरणीच्या घाईत फार सहज विसरला जातो.

मर्चंट नेव्हीत निघालेल्या मुलांना मी कळकळीने सांगतो, की शंका आली तर कोणाच्याही दबावाखाली न येता भरणी थांबवा आणि प्रयोगशाळेचा नवा आकडा येईपर्यंत ग्रॅबभर (क्रेनच्या पंजाभर) मालही आत घेऊ नका, कारण एकदा होल्डमध्ये गेलेला ओला माल परत उतरवून घेण्याची सोय भरणीच्या अनेक ठिकाणी नसतेच.