हिएन लुओंगचा पूल आणि दोनदा शिक्षा झालेलं घर

मराठी मंडळींना व्हिएतनामच्या सहलीला घेऊन जाणं हे माझं काम. हनोई, हा लाँगची खाडी, दा नांगजवळचा सोनेरी पूल, सायगावबाहेरची कू चीची भुयारं हा ठरलेला मार्ग. बेन हाय नदी त्यात नसते. ह्यूए शहरापासून शंभरेक किलोमीटर जायचं आणि बघायचं काय, तर एक पूल. पण त्या ग्रुपमधले साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार हटून बसले. त्यांच्या ओळखीतले एक जुने फौजी कमिशनच्या ड्यूटीवर इकडे येऊन गेले होते, म्हणून सुभेदारांना ती जागा बघायची होती.

या कमिशनची माहिती आपल्याकडे फार कमी जणांना असते. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत इथले राज्यकर्ते फ्रेंच हरले, जुलैत जिनिव्हाला करार झाला आणि सतराव्या अक्षांशालगत, या नदीवर, देशाचे तात्पुरते दोन भाग पडले. उत्तरेत हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत त्यांच्या विरोधातलं. जुलै १९५६ मध्ये निवडणूक घेऊन देश जोडायचा होता. देखरेखीला आंतरराष्ट्रीय कमिशन नेमलं, त्यात कॅनडा, पोलंड आणि अध्यक्षपदी भारत. दक्षिणेचे सत्ताधारी न्गो दिन्ह दिएम यांनी निवडणुकीला नकार दिला, अमेरिका त्यांच्या पाठीशी राहिली आणि ती निवडणूक झालीच नाही. पुढे युद्ध पेटलं.

बसमध्ये वाद पेटला. एक काका म्हणाले, सगळा दोष अमेरिकेचा. दुसरे म्हणाले, कम्युनिस्टांना तेव्हा अडवायलाच हवं होतं. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. १९५४-५५ मध्ये उत्तरेतून आठ लाखांहून जास्त माणसं दक्षिणेत आली, त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. उलट दक्षिणेतलेही हजारो शेतकरी मनापासून कम्युनिस्टांच्या बाजूने लढले. भांडण व्हिएतनामी माणसांचंच होतं. त्याला इतकं मोठं केलं ते बाहेरून आलेल्या शस्त्रांनी आणि सैन्याने. १९६९ मध्ये पाच लाख चाळीस हजारांच्या वर अमेरिकन सैनिक इथे होते. दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलियाचंही सैन्य होतं. उत्तरेला सोव्हिएत क्षेपणास्त्रं मिळत होती आणि विमानविरोधी तोफा चालवायला, रस्ते दुरुस्त करायला चीनचे लाखो सैनिक येऊन गेले.

पूल १७८ मीटरचा. अर्धा निळा, अर्धा पिवळा, मधोमध रेषा. जुना पूल १९६७ च्या बॉम्बफेकीत पडला, आताचा त्याच्या जागी पुन्हा उभारलेला. आमची लोकल गाइड तिशीतली, याच प्रांतातली. झेंडा कोणाचा उंच यावरून दोन काठांची चढाओढ, एकमेकांच्या दिशेने लावलेले प्रचाराचे कर्णे, हे सगळं तिने माइकवर नेहमीसारखं सांगितलं.

सुभेदारांनी मला विचारलं, ‘आणि आपलं कमिशन काय करत होतं?’ मी सांगितलं की १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडाने दोन्ही बाजूंवर ठपका ठेवला होता. उत्तर दक्षिणेत माणसं आणि हत्यारं घुसवतेय, आणि दक्षिण अमेरिकेची लष्करी मदत घेऊन करार मोडतेय. पोलंडने वेगळं मत नोंदवलं. कमिशनच्या हातात एवढंच होतं. सुभेदार चिडून म्हणाले, ‘म्हणजे आग कुठे लागली ते लिहायचं, आणि हातात पाण्याची बादलीसुद्धा नाही!’

त्यांचा आवाज चढला म्हणून गाइडने काय झालं ते विचारलं. मी सांगितल्यावर तिने माइक बंद केला आणि घरची हकीकत सांगितली. तिचं नाव लिहीत नाही.

तिच्या आजोबांचे थोरले भाऊ करारानंतर उत्तरेला गेले. दोन वर्षांनी निवडणूक, मग घरी, असं बायकोला सांगून. निवडणूक नाही, त्यामुळे परतणंही नाही. नवरा उत्तरेत म्हणून दिएम यांच्या पोलिसांनी त्या बाईला तुरुंगात टाकलं. धाकटे, म्हणजे गाइडचे आजोबा, दक्षिणेच्या सैन्यात सक्तीने भरती झाले आणि १९७२ मध्ये क्वांग त्रीच्या लढाईत गेले. १९७५ मध्ये उत्तरेने युद्ध जिंकलं आणि थोरले परतले, तेव्हा सरकार त्यांचं होतं. आता धाकट्याच्या मुलांच्या कागदांवर ‘शत्रूच्या सैनिकाची मुलं’ असा शेरा आला. गाइडच्या वडिलांना कॉलेजात प्रवेश मिळाला नाही.

‘त्या थोरल्या आजोबांनी काही केलं नाही?’ एका काकूंनी विचारलं.

‘अर्ज केले. काही झालं नाही. मग स्वतःच्या पेन्शनमधून माझ्या वडिलांना ट्रॅक्टर दुरुस्ती शिकायला पाठवलं. धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध ते मरेपर्यंत स्वतः करायचे.’

परतीच्या वाटेवर वाद पुन्हा झाला, पण आता दोन्ही काका तिला प्रश्न विचारत होते आणि ती मोकळेपणी उत्तरं देत होती. काही उत्तरं दोघांनाही पटली नाहीत.

आमच्या ऑफिसला हा दिवस नकोय. लोक कंटाळतात, असं त्यांचं मत. मी मात्र ह्यूएच्या मुक्कामात बेन हाय धरतोच, आणि बस सुटली की युद्धाच्या आधी ती न झालेली निवडणूक सांगतो.