मोरवेळचे राज्य आणि ‘प्रथम प्रकाशनाचा देश’

माझ्या कादंबरीतील मोरवेळ हे बेटावरचे राज्य सरकारी कागदावर मॉरिशस झाले, आणि ते निस्तरण्यात माझे पाच महिने व ५०० रुपये गेले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

निवृत्तीनंतर चार वर्षे खपून मी या राज्याचा राजवंश, ध्वज, नकाशा आणि इतिहास सिद्ध केला. तेथील राजसत्तेचे मूळ पाण्यात आहे: वाळूच्या बेटात मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, त्याचा उपसा जास्त झाला की विहिरी खाऱ्या होतात, म्हणून कोणी किती घागरी काढायच्या हे ठरविणाऱ्या घराण्याकडेच पुढे गादी आली. नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या सोलापूरकराला याहून वेगळे काय सुचणार?

कॉपीराइट नोंदणीचा अर्ज, म्हणजे २०१३ च्या नियमांतील नमुना १४, भरण्यासाठी मी सात रस्त्याजवळच्या एका केंद्रात गेलो. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मी हौसेने ‘राजमुद्रणालय, मोरवेळ’ असे छापले होते. तेथील मुलाने ते वाचून कादंबरी ‘प्रकाशित’ ठरविली, आणि प्रथम प्रकाशनाचा देश कोठेच सापडेना तेव्हा मला न विचारता मॉरिशस लिहून अर्ज पाठवूनही दिला. घरी छापील प्रत वाचून मी उलट पावली गेलो, तर तो म्हणाला, “काका, तेही बेटच आहे की!” मॉरिशस १९९२ पासून प्रजासत्ताक आहे, म्हणजे माझ्या राजघराण्याला त्याने एका ओळीत पदच्युत केले होते, पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. “काही होत नाही, वाट पाहा,” या त्याच्या आश्वासनावर मी विसंबलो, हा माझा मूर्खपणा. मधल्या काळात मी चार वेळा त्या केंद्रात गेलो आणि चारही वेळा मुलगा जेवायला गेलेला होता. अखेर कॉपीराइट कार्यालयाकडून अर्जातील चूक दाखविणारे त्रुटीपत्र आले.

दुसरा अर्ज मी स्वतः भरला. ‘अप्रकाशित’ निवडल्यावर देशाचा प्रश्नच उरला नाही. शुल्क पुन्हा ५०० रुपये. नोंदणीला कोणाची हरकत असल्यास ती यावी म्हणून ठेवलेले ३० दिवस थांबावेच लागते. आधी सांगायचे राहिले ते असे की, नकाशा कायद्याने कलाकृती ठरत असल्यामुळे त्याचा अर्ज व शुल्क वेगळे असते. शिवाय ‘बेटावरचे राज्य’ या कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो, हक्क लिहिलेल्या मजकुरावर असतो. आणि तो नोंदणीवाचूनही मिळतो, हे मला सर्व संपल्यावर कळले.

कादंबरीचे प्रमाणपत्र मागच्या आठवड्यात आले. नकाशाचे अद्याप आलेले नाही. राजमुद्रणालयाचे पान मात्र मी काढलेले नाही. ते आता शेवटी टाकले आहे.