पॅरा एसएफची तयारी: दम होता, हाड तयार नव्हतं

पॅरा एसएफसाठी, म्हणजे सैन्याच्या छत्रीधारी स्पेशल फोर्सेससाठी, व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं तेव्हा पलटणीत चांगला पळणारा अशी माझी ओळख होती. पूर्ण सामान आणि रायफल घेऊन बीपीईटीचे, म्हणजे सैन्याच्या शारीरिक क्षमता चाचणीचे, ५ किलोमीटर मी एक्सलंट श्रेणीत काढायचो. रस्सा चढणं, ९ फुटी खड्डा ओलांडणं, कशाचीच धास्ती नव्हती. हातात ४ महिने होते आणि पुढे ९० दिवसांचं प्रोबेशन, म्हणजे निवडीची कसोटी. मला वाटलं, आता करतोय त्याच्या दुप्पट केलं की झालं.

आणि खरंच दुप्पट केलं. पहिल्याच आठवड्यात पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या सॅकमध्ये, २० किलो भरून डांबरी रस्त्यावर पळायला लागलो. दम वाढत होता, मांड्या भरत होत्या, त्यामुळे सगळं बरोबर चाललंय असंच वाटायचं. चौथ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग रात्री पडल्या पडल्यासुद्धा. कुणाला सांगितलं नाही. एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेलो तर यादीतून नाव जाईल, ही भीती. तयारी करणाऱ्या पोरांचं या भीतीने फार नुकसान होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

एक दिवस बूट चढवताना बोट नेमकं एका जागी टेकलं. रुपयाएवढी जागा, पण डोळ्यांत पाणी आलं. त्या पायावर एक उडी मारून बघितली. दुसरी मारता आली नाही. एक्सरे साफ आला. तरी डॉक्टरसाहेबांनी एमआरआय करायला लावला आणि त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर. सुरुवातीच्या आठवड्यांत ही चीर एक्सरेत बहुतेक वेळा दिसतच नाही. पूर्ण नडगीभर पसरून दुखतं ते वेगळं, आणि बोट ठेवून दाखवता येतं ते वेगळं. दुसऱ्या प्रकारात एक दिवसही अंगावर काढू नका.

डॉक्टरसाहेबांनी समजावलं ते मी आजही सगळ्यांना सांगतो. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर साथ देतात. हाडाचं तसं नाही. नवा भार पडला की शरीर हाडातला जुना भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच पायांत जोर आल्यासारखा वाटत असतो.

ते प्रोबेशन हुकलं. आठ आठवडे पळणं बंद. पोहणं, सायकल आणि पुलअप एवढंच.

दुसऱ्या वेळी ६ महिने घेतले. पिठ्ठू १० किलोपासून, आठवड्यातून एकदाच, तोही चालत आणि जमेल तेव्हा मातीच्या वाटेने. वजन, अंतर आणि वेग यांतलं एका वेळी एकच वाढवायचं, दर चौथ्या आठवड्याला सगळंच कमी करायचं. वजन घेऊन पळणं शेवटच्या दीड महिन्यापर्यंत नाहीच, आणि उतारावर तर कधीच नाही. रोजचं पळणं इतकं सावकाश की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. हे मला सगळ्यात जड गेलं. मागून येणारे पुढे निघून जायचे आणि मी आपला वेग सोडायचा नाही. आठवड्यातून एक दिवस मात्र चढावर जीव तोडून पळायचो.

पिठ्ठू भरायलाही शिकावं लागलं. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये हवी. ती तळाला गेली की मागे ओढते, माणूस कमरेतून वाकतो, आणि दहा किलोमीटरनंतर कंबर बोलायला लागते. आत काही हलता कामा नये. अर्धवट भरलेली पाण्याची बाटलीसुद्धा पावलागणिक हिसका देते.

पायांची काळजी तर बायसेप्सपेक्षा महत्त्वाची. आत पातळ मोजा, वर जाड. नखं सरळ कापलेली. नवे बूट घालून कधीच लांब चालायचं नाही. टाचेला पहिली धग जाणवली की थांबायचं आणि टेप लावायची. टेपला सुरकुती राहिली तर तिथेच फोड येतो, म्हणून घाम पुसून, त्वचा कोरडी करून, ताणून बसवायची. मी हे डोळे मिटून करायचा सराव केला होता.

प्रोबेशनच्या आतलं लिहिणार नाही, लिहू नये. एवढंच सांगतो की एका लांब चालीत रात्री उजव्या टाचेला धग लागली. वेळ मोजका होता, तरी बसलो, बूट काढला आणि अंधारात चाचपत टेप लावली. शेजारून दोघे न थांबता पुढे गेले. उजाडायच्या आत मी त्यांच्या बरोबरीला आलो होतो.