गॅस मास्कची कवायत आणि शेतातली धावपट्टी

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हापासून इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या पोरांच्या खांद्याला दप्तराबरोबर पुठ्ठ्याची एक चौकोनी पेटी लटकू लागली. आत गॅस मास्क, शत्रूनं विषारी वायू सोडलाच तर तोंडावर चढवायचा. वर्गात त्याची कवायत चाले: श्वास रोखायचा, आधी हनुवटी रबरात घालायची, मग पट्टे डोक्यावरून मागे ओढायचे. पट्ट्याला पीळ पडला की कडेला फट राहायची. म्हणून मास्कखालच्या, हवा गाळणाऱ्या डब्याच्या तोंडावर पुठ्ठा धरून श्वास आत ओढायला लावत. रबर गालांना चिकटलं तर मास्क नीट बसला. समोरची काच, खरं तर सेल्युलॉइड, वाफेनं धूसर व्हायची. उपाय साधा, आतून किंचित साबण चोळायचा. जोरात श्वास सोडला की रबर गालावर फडफडून नको तसला आवाज येई. पोरांच्या लेखी खरी मजा तीच!

गावाबाहेरच्या शेतात एव्हाना बॉम्बर विमानांच्या तळासाठी काँक्रीट पडत होतं. अशा तळांच्या १९४२ पासूनच्या प्रमाणित आराखड्यात तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदत: मुख्य २,००० यार्ड, उरलेल्या दोन १,४०० यार्ड, रुंदी ५० यार्ड. तीन कशाला? भरलेलं बॉम्बर आडव्या वाऱ्यात उडवणं धोक्याचं; वारा फिरला की पट्टी बदलायची. मुख्य पट्टी शक्यतो नैर्ऋत्य-ईशान्य, कारण तिथला वारा बहुधा नैर्ऋत्येचा. विमानं कडेच्या गोल रस्त्यालगत विखरून ठेवत, एका हल्ल्यात सगळी जाऊ नयेत म्हणून. तळावरची माणसं राहायची निसेन हटमध्ये. पन्हळी पत्र्याचं अर्धगोल छप्पर, मध्ये एक शेगडी. शेगडीजवळच्याला ऊब, दाराजवळच्याला हुडहुडी, आणि पत्र्यावरून टपकणारं पाणी सगळ्यांनाच.