आमची वाटचाल: जुना पार्ट पुडीत बांधून

आमचं दुकान सांगली जिल्ह्यातल्या विट्यात, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. १९७४ साली तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठ बाय दहाच्या गाळ्यात चालू केलं आणि आजही त्याच गाळ्यात आहे, मागची खोली तेवढी नंतर जोडून घेतली. तेव्हा बोर्डावर फक्त 'रेडिओ व ट्रान्झिस्टर दुरुस्ती' एवढंच होतं, मग टेप आला, टीव्ही आला, सीडी, मोबाईल, आणि आता परत रेडिओ आणि कॅसेट. पन्नास वर्षं होऊन गेली म्हणून पोरगी मागं लागली, पप्पा एकदा सगळं लिहून काढा, म्हणून बसलोय.

तात्यांची एक पद्धत होती. कुठलाही सेट दुरुस्त केला की काढलेला जुना पार्ट टाकून द्यायचे नाहीत, कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे. जळलेला रेझिस्टर असो, फुगलेला कंडेन्सर असो. म्हणायचे, वस्तू त्याची आहे मग त्यातलं खराब झालेलंही त्याचंच. लोकांचा विश्वास त्या पुडीवर बसला, जाहिरात आम्ही कधी केलीच नाही.

सुरुवातीला वॉल्वचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, मोठे लाकडी रेडिओ यायचे. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, वॉल्व तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं, आणि ते थांबणं घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं, बातम्या सातला असतील तर रेडिओ सातला दोन मिनिटं कमी असतानाच लावायचा. छपरावर जाळीची एरियल. शिवाय रेडिओला लायसन असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरून पुस्तकावर तिकीट लावून आणायचं, हे आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मग ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओ माणसाबरोबर शेतात जायला लागला. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, तेवढंच अजून दोन दिवस चालायचे. लोड शेडिंग असलं तरी रेडिओ बंद पडायचा नाही ही त्याची मोठी गोष्ट.

मला लहानपणी सगळ्यात आवडायचं ते डायलचा दोरा बांधणं. रेडिओचा काटा बारीक दोऱ्यावर सरकतो, तो दोरा चाकावरून, दोन तीन पुल्यांवरून फिरवून शेवटी छोट्या स्प्रिंगला अडकवायचा, ढिला राहिला तर काटा घसरतो, जास्त ताणला तर तुटतो. तात्या दोरा ओठात धरून बांधायचे, बोलायचे नाहीत. बांधून झालं की सांगली केंद्र लावायचं, १२५१ किलोहर्ट्झ, काटा साडेबाराशेच्या पट्ट्यावर आला आणि आवाज स्वच्छ असला की सेट पास. मी अजूनही तसंच तपासतो.

कॅसेट फिलिप्सने १९६३ ला काढली, आमचं सांगली आकाशवाणी केंद्रही १९६३ चंच, पण विट्यात घरोघर टेप दिसायला ऐंशीचं दशक उजाडलं. ते टेप आमच्याकडं आले त्याला एक कारण होतं, गलाईवाले. आमच्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली, तामिळनाडू, केरळ, पार पंजाबपर्यंत. दुष्काळी मुलूख, घरात एक भाऊ शेताला आणि बाकीचे भट्टीवर. दिवाळीला, जत्रेला गावी येताना टू इन वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला सेट, घेऊन यायचे. आणि पत्राच्या ऐवजी कॅसेट पाठवायचे. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची आणि तीन मिनिटांत काय बोलणार, त्यापेक्षा साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये आई, बायको, पोरं, शेजारी सगळे बोलून घ्यायचे, मागं कोंबडा ओरडतोय, भांडी वाजतायत, कुणीतरी म्हणतंय अगं चालू हाय का ते. ती कॅसेट गावाकडनं कुणी चाललं असलं की त्याच्या हाती जायची. ज्यांच्याकडं टेप नव्हता ते दुकानात येऊन बोलायचे, तात्या टेप चालू करून स्वतः बाहेर जाऊन उभे राहायचे, घरचं बोलणं ऐकायचं नाही म्हणून.

मी बारावीनंतर आयटीआय करून १९८८ ला दुकानात बसलो. ते दिवस धंद्याचे सगळ्यात चांगले. गाण्यांची यादी वहीच्या पानावर लिहून लोक यायचे, आम्ही कॅसेट भरून द्यायचो, लग्नाच्या हंगामात रात्री बारापर्यंत दोन डेक चालू. सामान आणायला महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीनं पुण्याला बुधवार पेठेत जायचो, बेल्ट, हेड, मोटर, आयसी असं पिशवीभर आणायचं.

त्याच काळात माझ्या हातून एक चूक झाली, ती इथं लिहिल्याशिवाय आमची वाटचाल पुरी होणार नाही. १९९६ चा मे महिना, एकजण दोन जुन्या कॅसेट घेऊन आला, एकीवर गाणी भरा, दुसरीचा आवाज खरखरतोय तेवढं बघा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर परत रेकॉर्डिंग होत नाही. गर्दीत माझ्या हातात चुकीची कॅसेट आली. टोप्या मोडलेल्या होत्या, म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम जपली होती, आणि मी सरळ त्या भोकांवर सेलोटेप चिकटवून तिच्यावर गाणी भरली. त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या त्यात. आजी वारलेली. तो माणूस ओरडला नाही, काउंटरवर हात ठेवून नुसता उभा राहिला, मग निघून गेला. बावीस वर्षं आम्ही प्रत्येकाला त्याचं काढलेलं परत देत आलो होतो आणि त्या दिवशी माझ्याकडं पुडीत बांधायला काही नव्हतं. तात्यांनी रात्री एवढंच विचारलं, आधी ऐकली नाहीस का. तेव्हापासून टोपी मोडलेली कॅसेट आधी ऐकायची, गिऱ्हाईकाला विचारायचं, नाव, तारीख, आत काय आहे ते रजिस्टरला लिहायचं, मगच हात लावायचा.

२००० नंतर सीडी आली आणि कॅसेटचा धंदा तीन चार वर्षांत संपला. मी सीडी प्लेअरचा मोठा माल भरला होता, तो एमपीथ्री आणि मोबाईलमुळं पडून राहिला, ज्याच्याकडून घेतला त्यानं परत घ्यायला नकार दिला, पतसंस्थेचं कर्ज फेडायला पाच वर्षं गेली. मग मोबाईल रिपेअरिंग शिकलो. घर त्याच्यावर चाललं, पण मोबाईल उघडायलाच हीट गन लागते, सगळं चिकटवलेलं. पूर्वी कित्येक रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, कंपनी स्वतःच सांगायची की बाबा हे असं आहे, बिघडलं तर असं बघ. बॅटरी बदलली तरी जुनी बॅटरी मी परत द्यायला जातो, पोरं म्हणतात काका ठेवा, काय करू. रजिस्टरला 'नेली नाही' असं लिहून ठेवतो.

२०१७ पासून परत कॅसेट यायला लागल्या. गलाईवाल्यांची पुढची पिढी, माळ्यावरच्या ट्रंका उघडतात, आत कॅसेट सापडतात, घरात वाजवायला काहीच नाही. आम्ही त्या पेनड्राइव्हवर भरून देतो. लोकांना वाटतं पाच मिनिटांचं काम, पण साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनंच सरकणार, घाई केली तर आवाज जाणार. त्याआधी शेल, म्हणजे कॅसेटचं बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच, उघडायचं, पाच स्क्रू. आत, टेपरेकॉर्डरचं आवाज उचलणारं हेड जिथं टेकतं त्यासमोर, तांब्याच्या पट्टीवर एक इवलासा फेल्टचा तुकडा असतो, तीस पस्तीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो, मग आवाज लांबून आल्यासारखा येतो. कोऱ्या कॅसेटचं शेल घेऊन आतली टेप दोन्ही चकत्यांसकट त्यात बसवायची. पावसाळ्यात बुरशी धरलेली असली तर टेप हातानं फिरवत कापसानं पुसायची, साठच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर टेप असते. मग हेडचा बारीक स्क्रू कानानं लावायचा, आवाज उघडेपर्यंत. हे पोरगीनं माझ्यापेक्षा लवकर उचललं, तिचा कान तात्यांचा आहे.

तात्या २०१९ ला गेले. शेवटपर्यंत सकाळी दुकानात येऊन रेडिओ लावायचे.

आत्ता टेबलावर पेड गावच्या एका घरातली कॅसेट आहे. वर शाईनं '८६ दिवाळी' लिहिलंय, टोप्या दोन्ही मोडलेल्या. टेप एका जागी चिकटलीय, आज जोर लावला नाही, सकाळी उजेडात उघडू. फेल्टचा गळलेला तुकडा पोरगीनं आधीच पुडीत बांधून वर नाव घालून ठेवलाय.